उन्हाळ्याची दिल्ली आणि मुलांचे पाणी

मेच्या मध्यावर शाळांना सुट्टी लागते आणि राजधानीतील आईवडिलांपुढे एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. मुलांना खेळायला न्यायचे कोठे? सकाळी नऊनंतर अंगण तापते, दुपारी लू वाहू लागते, आणि दिवसभर खोलीत कोंडलेले मूल संध्याकाळपर्यंत घर डोक्यावर घेते. बँकेच्या वा सरकारी नोकरीतील बदलीमुळे महाराष्ट्रातून दिल्लीत आलेल्या कुटुंबांना हा प्रश्न अधिकच जाणवतो. ज्या पिढीने पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून गावच्या विहिरीत पोहण्याचे धडे घेतले, तिच्या नातवंडांच्या वाट्याला नवव्या मजल्यावरील न्हाणीघरातील बादली येते.

दिल्लीच्या उन्हाळ्याचे स्वरूप सांगायला एक दिवस पुरेसा आहे. २९ मे २०२४ रोजी सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. तेथे त्यापूर्वीच्या ७९ वर्षांत इतका पारा चढला नव्हता. (त्याच दिवशी शहराच्या सीमेवरील मुंगेशपूर येथील स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश दाखवून देशभर खळबळ उडवली. ते उपकरण सुमारे तीन अंश अधिक दाखवीत असल्याचे हवामान खात्याने पुढे स्पष्ट केले. तीन अंश वजा केले तरी आकडा दिलासा देणारा नाही, ही गोष्ट वेगळी.) अशा उन्हात मुलांना पाण्याची ओढ लागते आणि ती अगदी स्वाभाविक आहे. मात्र पाणी म्हटले की मोठ्यांच्या डोळ्यांसमोर लगेच तरणतलाव किंवा जलोद्यान येते, आणि गफलत होते ती येथे. दिल्लीच्या मे महिन्यात लहान मुलाला गार वाटण्यासाठी खोल पाण्याची गरजच नसते.

कोरडी हवा आणि ओले अंग

याचे कारण प्रत्येक घरातील माठ जाणतो. माठाच्या अंगातून पाझरणारे पाणी वाफ होऊन उडून जाते आणि जाताना उष्णता सोबत नेते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्ची पडते. तेवढ्या उष्णतेत बर्फाइतके गार असे जवळजवळ सहा ग्रॅम पाणी उकळीला आणता येईल. वाळ्याचा ओला पडदा आणि उत्तर भारतातील खिडक्याखिडक्यांत घरघरणारा कूलर याच तत्त्वावर चालतात. ओल्या अंगाने पळणारे मूलही त्याच तत्त्वाने गार होते.

हे किती परिणामकारक ठरते, ते हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असते. राजस्थानच्या वाळवंटाकडून येणारे मे महिन्यातील वारे अतिशय कोरडे असतात. हवेचे तापमान ४४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असताना तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळून तो सावलीत वाऱ्यावर धरला, तर पारा साधारण २३-२४ अंशांपर्यंत उतरतो. म्हणजे वीस अंशांचा फरक! जुलैत पावसाळी हवा आली की चित्र पालटते. तापमान ३६ अंशांवर येते, परंतु आर्द्रता ६५ टक्के झाली की ओल्या फडक्याचा तापमापक ३० अंशांच्या खाली उतरत नाही. ‘पारा उतरला, तरी जिवाची काहिली का थांबत नाही?’ या दिल्लीकरांच्या वार्षिक प्रश्नाचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

मुलांच्या पाण्याची निवड यावरूनच ठरते. एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत घोट्याएवढे पाणी, अंगावर उडणारे तुषार, एखादा झारीचा फवारा आणि वर सावली एवढे पुरते, कारण थंडावा वारा देतो आणि पाणी केवळ निमित्त होते. जूनच्या अखेरीपासून मात्र तुषारांचा गुण ओसरतो. तेव्हा खरोखर अंग बुडेल असे पाणी उपयोगी पडते. जे कुटुंब मेमध्ये घरच्या घरी भागवते आणि तलावाची वर्गणी दमट दिवसांसाठी राखून ठेवते, त्याचा पैसा अधिक सत्कारणी लागतो.

शहाजहानचा पाट आणि झरन्याचा दगड

हे शास्त्र जुन्या दिल्लीला पुस्तकावाचून ठाऊक होते. यमुनेचे पाणी शहरात आणणारा कालवा मूळचा चौदाव्या शतकातील फिरोजशहा तुघलकाच्या काळचा. शहाजहानच्या कारकिर्दीत अली मर्दानखानाने तो पुन्हा वाहता केला. त्याचा एक पाट चांदणी चौकाच्या मधोमध वाहत असे आणि चौकातील हौदात चांदणे उतरे, म्हणून त्या जागेला ते नाव पडले, असे सांगतात. लाल किल्ल्यातील महालांतून ‘नहर-ए-बहिश्त’ म्हणजे स्वर्गीचा पाट खेळवला होता. तेथील हयातबक्ष बागेत ‘सावन’ आणि ‘भादों’ असे दोन मंडप आजही समोरासमोर उभे आहेत. त्यांच्या कडांवरून पाण्याचा पडदा कोसळावा आणि भर वैशाखात श्रावण-भाद्रपदाचा भास व्हावा, अशी योजना होती. यांपैकी कोठेही खोल पाणी नव्हते. ते उथळ होते, हलते होते आणि वाऱ्याच्या वाटेत होते.

मेहरौलीचा झरना तर निव्वळ खेळासाठीच असावा असे वाटते. सुलतान अल्तमशाने १२३० च्या सुमारास बांधलेल्या हौज-ए-शम्सी या तलावाचे ओसंडणारे पाणी खाली आमराईकडे उतरत असे. इ. स. १७०० च्या सुमारास नवाब गाजीउद्दीन फिरोजजंगाने तेथे बाग आणि जलप्रपात उभारला. पुढे दुसरा अकबरशहा आणि बहादूरशहा जफर यांनी मंडप बांधून त्यात भर घातली. येथील ‘फिसलना पत्थर’ म्हणजे चक्क पाण्यातील घसरगुंडी होती. ‘फूलवालों की सैर’ या उत्सवासाठी दरबार मेहरौलीला येई, तेव्हा तिच्यावर थोरामोठ्यांचीही गर्दी होत असे. आजच्या जलोद्यानातील प्लॅस्टिकच्या घसरगुंडीची ही पणजीच म्हणायची. झरना आता कोरडा आहे आणि तो पाहायला जाणाऱ्यास भोवतालच्या घरांतून वाट विचारत जावे लागते.

बावली हा प्रकार वेगळा. दिल्लीची बावली म्हणजे महाराष्ट्रातील पायऱ्यांची बारव. मेहरौलीच्या ‘गंधक की बावली’त आणि हजरत निजामुद्दीनच्या दर्ग्याशेजारील चौदाव्या शतकातील बावलीत उंचावरून उड्या मारून प्रेक्षकांकडून नाणी मिळवणाऱ्या पोरांची परंपरा फार जुनी. ते कसबी पाणबुडे होते. बावलीचे पाणी खोल, अंधारे आणि चारी बाजूंनी भिंतींत कोंडलेले असते, तेथे बालकांचे काही काम नाही. कॅनॉट प्लेसजवळील अग्रसेन की बावली मुलांना जरूर दाखवावी, परंतु ती पायऱ्या मोजण्यासाठी.

मराठी वाचकाला तालकटोरा या नावाशी थोडा अधिक जिव्हाळा वाटावा. ताल म्हणजे तलाव आणि कटोरा म्हणजे वाटी. टेकडीच्या कुशीतील या वाटीसारख्या तळ्याजवळ मार्च १७३७ मध्ये पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या घोडदळाचा तळ पडला होता आणि त्यावर चालून आलेल्या मोगली फौजेचा पराभव झाला होता. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील जलतरण येथेच झाले आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी तलावाची नव्याने उभारणी झाली. आज ते डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जलतरण संकुल म्हणून ओळखले जाते.

फुकटचे पाणी आणि त्याची किंमत

पाट बुजले, हौद आटले आणि फुकटचे उथळ पाणी या शहरातून जवळजवळ नाहीसे झाले. तहान मात्र गेली नाही. पाहिजे तसे पाणी मिळेनासे झाले की मुले मिळेल त्या पाण्याकडे वळतात.

यमुनेचा विचार तर मनातूनही काढून टाकावा. वजिराबाद ते ओखला हा नदीचा दिल्लीतील टप्पा अवघा २२ किलोमीटरचा, म्हणजे तिच्या एकूण लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी. परंतु नदीच्या एकंदर प्रदूषणातील सिंहाचा वाटा या टप्प्यातच पडतो. स्नानयोग्य पाण्याच्या शंभर मिलिलिटरमध्ये विष्ठाजन्य जिवाणूंची संख्या ५०० पर्यंत असावी आणि कोणत्याही परिस्थितीत २५०० च्या वर जाऊ नये, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. नजफगढ नाला मिळाल्यानंतरची यमुना त्याच्या जवळपासही येत नाही.

उत्तर दिल्लीतून जाणारा मुनक कालवा दिसायला स्वच्छ आहे आणि म्हणूनच अधिक घातक आहे. हरियाणातून पिण्याचे पाणी आणणाऱ्या या कालव्याचे काठ उतरते व सिमेंटचे असून पाण्यालगत त्यांवर शेवाळ धरते. उतरणे सोपे, वर येणे अवघड, आणि पृष्ठभाग शांत दिसला तरी खाली ओढ असते. दर उन्हाळ्यात तेथे पोहायला उतरलेली मुले बुडाल्याच्या बातम्या येतात. ही मुले बहुधा अशा वस्त्यांतील असतात, की जेथे पिण्याचे पाणीही टँकरने येते आणि तरणतलावाची वर्गणी हा चेष्टेचा विषय ठरावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली. त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता. घोट्याएवढ्या स्वच्छ पाण्याचा एक देखरेखीखालील हौद प्रत्येक वस्तीत असणे ही चैन म्हणता येणार नाही, ती एक प्रकारची संरक्षक भिंतच होय. महानगराच्या अंदाजपत्रकात तिच्यासाठी लागणारी रक्कम मोठी नाही.

इंडिया गेटजवळचे कालवे अनेक पिढ्यांनी पाहिले आहेत आणि उन्हाळ्यात त्यांत डुंबणाऱ्या पोरांची छायाचित्रे वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे छापली आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये नूतनीकरणानंतर कर्तव्य पथ खुला झाला. कालवे देखणे झाले, परंतु ते शोभेचे पाणी आहे, अंघोळीचे नव्हे. काठावर बसून कुल्फी खाण्यास हरकत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे, कारण ही गोष्ट सुशिक्षित पालकांच्याही लक्षात येत नाही. दिल्लीतील अनेक उद्यानांची हिरवळ प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर राखली जाते. पिण्याचे पाणी वाचवणारा हा उपक्रम स्तुत्यच आहे. हौज खासचा विस्तीर्ण तलावही कोरडा पडला होता, तो अशाच पाण्याने पुन्हा भरला गेला. परंतु हे पाणी झाडांसाठी असते. बागेतील फिरते फवारे सुरू होताच मुले त्यांखाली धावतात, तोंडे उघडून तुषार झेलतात आणि आईवडील कौतुकाने पाहत राहतात. हे पाणी कोठून येते, हे माळ्याला आधी विचारावे. चौकातील कारंज्यांनाही हाच नियम लागू आहे.

तलावाची पारख

दिल्लीत तरणतलावांचा हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर असा असतो. तालकटोऱ्याखेरीज दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सिरी फोर्टसारख्या क्रीडासंकुलांत तलाव आहेत. शिवाय शाळा, क्लब आणि गृहसंकुले यांचे तलाव वेगळेच. शुल्क, वेळा आणि प्रवेशाचे नियम दर हंगामात बदलतात, त्यामुळे मार्चअखेरीसच प्रत्यक्ष जाऊन चौकशी करणे श्रेयस्कर. वैद्यकीय प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी मागतात. मोठ्या तलावांत ठरावीक उंचीच्या वा वयाच्या आतील मुलांना प्रवेश नसतो. अशा मुलांसाठी वेगळा उथळ तलाव आहे काय, हा चौकशीतील पहिला प्रश्न असावा. तो नसेल तर पाच वर्षांच्या मुलाला घेऊन घातलेला हेलपाटा फुकट जातो आणि परतीच्या वाटेवरचे रडणे ऐकावे लागते ते निराळेच.

पाण्याची परीक्षा डोळ्यांनी आणि नाकाने करता येते. सर्वांत खोल जागी तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर पाणी गढूळ आहे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तळाशी गेलेले मूल जीवरक्षकालाही दिसणार नाही. नाकाचा पुरावा मात्र उलटा वाचावा लागतो. क्लोरीनचा उग्र दर्प आला की पाणी स्वच्छ असले पाहिजे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो दर्प क्लोरीनचा घाम आणि मूत्र यांच्याशी संयोग होऊन बनणाऱ्या क्लोरामिन या संयुगांचा असतो. चांगल्या तलावाला वास जवळजवळ नसतोच. डोळे चुरचुरतात तेही यामुळेच. प्रत्येकाने पाण्यात उतरण्यापूर्वी साबण लावून अंघोळ केली, तर निम्मे काम होते. परंतु या बाबतीत मुलांपेक्षा त्यांचे वडीलच अधिक कुरकुरतात, असा व्यवस्थापकांचा अनुभव आहे. पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावा लागतो आणि त्या दिवसाची नोंद फलकावर लिहिणारा तलाव विश्वासार्ह समजावा.

आणि जीवरक्षक. तो नेमलेला असणे पुरेसे नाही, त्याची नजर पाण्यावर असणे महत्त्वाचे. बुडणारे मूल चित्रपटातल्यासारखे ओरडत नाही वा हात हलवत नाही. श्वासासाठी धडपडताना आवाज फुटत नाही, आणि दोन हातांवर असलेल्या माणसाचेही लक्ष जात नाही. म्हणून लहान मुलाबरोबर आलेल्या मोठ्या माणसाने पाण्यात किंवा पाण्याच्या कडेला, हात पोहोचेल इतक्या अंतरावर असावे आणि भ्रमणध्वनी पिशवीत ठेवावा. फुगवलेले दंडपट्टे आणि चाके ही खेळणी आहेत. त्यांवर भरवसा ठेवू नये.

नोएडा, गुरुग्राम आणि सोनीपतच्या बाजूला मोठी जलोद्याने आहेत. वर्षातून एक दिवस, तोही आठवड्याच्या मध्ये, तेथे जाण्यास हरकत नाही. बहुतेक ठिकाणी सुती कपड्यांनी पाण्यात उतरू देत नाहीत, तेव्हा पोहण्याचा पोशाख घरूनच न्यावा, भाड्याचा महाग पडतो. सहा वर्षांखालील मुलांना उंच घसरगुंड्यांवर बसू देत नसल्याने पूर्ण तिकीट काढून ती उथळ भागातच रमतात. तेवढे सुख घरीही देता येते.

गच्चीवरचा हौद

फुगवायचा प्लॅस्टिकचा हौद हे मध्यमवर्गीय दिल्लीचे उत्तर आहे आणि ते वाईट नाही. दीड मीटर व्यासाच्या हौदात वीस सेंटिमीटर पाणी भरले तर ते साधारण ३५० लिटर होते, म्हणजे मोठ्या सतरा-अठरा बादल्या. ज्या शहरात मे २०२४ च्या टंचाईत नळीने मोटार धुणाऱ्यास दोन हजार रुपये दंड करण्याचा आदेश निघाला, तेथे हा आकडा लहान नाही. पाणी दहा सेंटिमीटरच ठेवले तर ते निम्म्यावर येते आणि वर सांगितल्याप्रमाणे कोरड्या हवेत मुलांच्या आनंदात काही उणे पडत नाही. वजनाचाही विचार हवा. वीस सेंटिमीटर पाण्याचा भार दर चौरस मीटरला दोनशे किलो होतो, त्यात उड्या मारणारी चार मुले मिळवावी. गच्चीच्या मजबूत छतावर एक वेळ ठीक, परंतु जुन्या इमारतीच्या पुढे आलेल्या सज्जात हौद मांडू नये.

हौद सकाळीच भरावा. गच्चीवरील टाकीतले पाणी दुपारी इतके तापते की नळाखाली हात धरवत नाही. ऊन चढण्यापूर्वी, साधारण दहापर्यंत, किंवा संध्याकाळी पाचनंतर खेळ मांडावा आणि वर जुनी चादर ताणून सावली करावी. पाण्यात असताना तहान आणि ऊन दोन्ही कळत नाहीत, म्हणून दर अर्ध्या तासाने मुलांना बाहेर बोलावून पाणी, ताक किंवा कोकम सरबत द्यावे. (कोकम सुट्टीवरून येताना आणता येते. पन्ह्याला मात्र कैरी हवी तेवढी मिळते.) पाणी कितीही उथळ असले तरी मोठे माणूस जवळ हवेच. तान्ह्या मुलाला नाक-तोंड बुडेल इतके पाणीही जीवघेणे ठरते.

खेळ संपल्यावर हे पाणी टाकून देऊ नये. कुंड्या, गच्चीची धुणावळ आणि शौचालय यांसाठी ते चांगले चालते. कूलरमध्ये मात्र ते घालू नये, कारण त्यात आलेली माती आणि साबणाचा अंश जाळीवर बसतो. उद्या पुन्हा वापरू, म्हणून पाणी हौदातच ठेवण्याचा मोह तर टाळावाच. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत तेथून नवे डास उडू लागतात. महापालिकेचे तपासनीस गच्चीवर येतात, ते कूलर आणि टाक्या पाहतात आणि अळ्या सापडल्यास नोटीस देतात. रोज संध्याकाळी हौद रिकामा करावा, आतून फडक्याने पुसावा आणि सकाळपर्यंत भिंतीला उलटा टेकवून वाळू द्यावा.